लाल टोपणाची सिरिंज आणि केस पेपरवरची एक ओळ

पत्र असं आहे:

"मी जीएनएम (नर्सिंगची पदविका झालेली) आहे, दीड वर्षापासून २० खाटांच्या नर्सिंग होममध्ये काम करते. मंगळवारी माझी नाइट होती. ६४ वर्षांच्या आजोबांना रात्रीच्या जेवणाआधी ३०/७० इन्सुलिन (दोन प्रकारांचं मिश्रण) १६ युनिट द्या, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. आजोबांच्या पेनच्या नीडल संपल्या होत्या, मेडिकल बंद झालं होतं. म्हणून पेनमधली कार्ट्रिज काढली, ट्रेमधल्या लाल टोपणाच्या सिरिंजने १६ च्या रेघेपर्यंत ओढलं आणि सव्वाआठला दिलं. पावणेनऊला ते भाकरी-भाजी जेवले. साडेअकराला घामाने डबडबले, असंबद्ध बोलू लागले. बीएसएल (रक्तातली साखर) ४६. डॉक्टरांना फोन केला, त्यांच्या सांगण्यावरून डी-२५ ची (२५ टक्के ग्लुकोजची) १०० मि.ली.ची बाटली शिरेतून दिली. पावणेबाराला ११८ आली. दोन वाजता बघितली तर पुन्हा ६४. मग १० टक्के डेक्स्ट्रोजचं सलाइन लावलं, सकाळी १३२. चूक माझ्या लक्षात आली ती सकाळी ट्रे आवरताना. सीनियर सिस्टर म्हणाल्या, 'पेशंट ठीक आहे ना, मग गप्प बस. जेवले नाहीत म्हणून शुगर उतरली असं लिही.' मी तसं लिहिलं. राउंडला डॉक्टरांनी ते वाचून डोस १० युनिटवर आणला. आता शुगर २८० च्या खाली येत नाही. शनिवारी डिस्चार्ज आहे. आता खरं सांगितलं तर माझं रजिस्ट्रेशन जाईल का? फोनवरच्या ऑर्डरवर डॉक्टरांची सहीही नाही."

— एक स्टाफ नर्स, सांगली जिल्हा

सिस्टर, 'छापून यायची वाट बघू नका, आजच डॉक्टरांना सांगा' हे तुम्हाला पत्र मिळाल्या दिवशीच कळवलं आहे. त्यामागची कारणं आणि बाकीचा तपशील इथे देतो, कारण लाल टोपणाची सिरिंज आणि पेनची कार्ट्रिज अशी जोडी तुमच्या एकट्याच्या ट्रेमध्ये नसते.

तुम्ही रजिस्ट्रेशनचं विचारलंय. पण तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा २८० आहे. डॉक्टरांना वाटतंय की १६ युनिटवर या माणसाची शुगर ४६ पर्यंत उतरली, म्हणून त्यांनी डोस कमी केला. केस पेपरवर जे होतं त्यावरून हा निर्णय बरोबरच आहे. पण त्या रात्री १६ युनिट दिलेच गेले नव्हते. ती एक ओळ अजून ऑर्डरसारखी काम करते आहे आणि आजोबांची शुगर त्या ओळीच्या हिशोबाने चालली आहे. मंगळवारची चूक सकाळपर्यंत आटोक्यात आली होती. बुधवारी सकाळी लिहिलेली मात्र अजून चालू आहे.

आता हिशोब बघू, कारण डॉक्टरांना सांगताना आकडा तोंडात हवा. आपल्याकडे मिळणारी साध्या मानवी इन्सुलिनची १० मि.ली.ची व्हायल बहुतेक वेळा ४० युनिट प्रति मि.ली. असते, म्हणजे एका व्हायलमध्ये ४०० युनिट. पेनची ३ मि.ली.ची कार्ट्रिज १०० युनिट प्रति मि.ली. असते, म्हणजे तीत ३०० युनिट. लाल टोपणाची सिरिंज ४० च्या व्हायलसाठी आखलेली आहे. तिची एक युनिटची रेघ म्हणजे ०.०२५ मि.ली. १६ व्या रेघेपर्यंत ओढलं की आत ०.४ मि.ली. येतं. व्हायलमधून ओढलं असतं तर ते १६ युनिट झाले असते. कार्ट्रिजमधून ओढल्यावर ०.४ गुणिले १०० म्हणजे ४० युनिट झाले. अडीच पट. केशरी टोपणाची सिरिंज १०० साठी असते. तिने ४० च्या व्हायलमधून १६ ओढले तर उलटं होतं, रुग्णाला जेमतेम ६.४ युनिट मिळतात आणि 'डोस लागू पडत नाही' असा शेरा येतो. आणि 'व्हायल म्हणजे ४०' असंही पाठ करू नका. ग्लार्जिनसारख्या काही इन्सुलिनच्या व्हायल १०० च्या येतात. लेबलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचायचे. टोपणाचा रंग त्यानंतर.

हा घोळ आला कुठून? १९२२ मध्ये टोरांटोला पहिल्यांदा रुग्णाला इन्सुलिन दिलं गेलं तेव्हा औषध पातळ होतं. पुढे ते जसजसं शुद्ध होत गेलं तशी २०, ४०, ८० युनिटची बाटली आली आणि प्रत्येकीसाठी वेगळ्या रेघांची सिरिंज. गोंधळ इतका होऊ लागला की १९७० च्या दशकात अमेरिकेने आणि मागोमाग इतर देशांनी १०० युनिट हे एकच प्रमाण धरलं. आपल्याकडे ४० ची व्हायल टिकून राहिली आणि पेन आली ती १०० ची. त्यामुळे एकाच वॉर्डात, कधी एकाच ट्रेमध्ये दोन्ही मापं नांदतात.

कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध ओढूच नये, याला मात्रेखेरीज दुसरंही एक कारण आहे. ओढताना आत हवा शिरते. तीच कार्ट्रिज परत पेनमध्ये बसवली की पुढच्या डोसमध्ये इन्सुलिनऐवजी काही भाग हवा जाते. मंगळवारची ती कार्ट्रिज पुन्हा पेनला लावली असेल तर ती टाकून द्या आणि नवी आणायला सांगा. आजच्या २८० मध्ये तिचाही वाटा असू शकतो. नीडल नसेल तेव्हा करायचं एवढंच होतं, वॉर्डच्या फ्रीजमधली ४० ची ३०/७० व्हायल आणि लाल सिरिंज. व्हायलही नसती तर डॉक्टरांना विचारून डोस आणि जेवण दोन्ही थांबवायचं. जेवण अर्धा-पाऊण तास उशिरा झाल्याने फारसं बिघडलं नसतं.

रात्री तुम्ही जे केलंत त्यातलं बरंचसं बरोबर होतं, तेही नोंदलं जायला हवं. असंबद्ध बोलणाऱ्या रुग्णाच्या तोंडात साखर कोंबली नाहीत, कारण ती श्वासनलिकेत जाऊ शकते. शिरेतून डी-२५ चे १०० मि.ली. म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज गेलं, हे योग्यच होतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलंत. चुकलं ते त्यानंतर. पावणेबाराला ११८ पाहिल्यावर पुढचं बीएसएल दोन वाजता, मध्ये सव्वादोन तास. ३०/७० मधला ३० टक्के भाग झटपट चालणारा, त्याचा जोर दोन ते चार तासांत येतो. उरलेला ७० टक्के मध्यम पल्ल्याचा, त्याचा जोर चार तासांनंतर येतो आणि बराच वेळ टिकतो. सव्वाआठच्या इंजेक्शनचा दुसरा जोर मध्यरात्रीनंतर येणार हे घड्याळावरूनच दिसत होतं. अशा वेळी रुग्ण पूर्ण शुद्धीवर आल्यावर बिस्किटं, दूध, पोळी असं काहीतरी खायला द्यायचं आणि बीएसएल दर तासाला बघायचं, शुगर स्थिर राहीपर्यंत. मात्रा ४० ची होती हे डॉक्टरांना तेव्हा माहीत असतं तर १० टक्क्यांचं सलाइन त्यांनी बाराच्या आतच लावायला सांगितलं असतं.

डॉक्टरांना प्रत्यक्ष सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. राउंडच्या गर्दीतही नको. इन्चार्ज किंवा मेट्रन (मुख्य परिचारिका) असतील तर त्यांना आधी गाठा आणि सोबत न्या. वाक्यं साधी ठेवा: "सर, सात नंबरच्या आजोबांबद्दल. मंगळवारी रात्री त्यांना १६ ऐवजी ४० युनिट गेले. १०० ची कार्ट्रिज, ४० ची सिरिंज. जेवले नाहीत ही नोंद मी चुकीची लिहिली, ते पावणेनऊला जेवले होते. तुम्ही डोस १० केलाय, आज शुगर २८० आहे. पुढचा डोस तुम्ही पुन्हा बघावा." डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, पण हे पाच मुद्दे पूर्ण सांगितल्याशिवाय बाहेर पडू नका. सीनियरने काय सांगितलं हे पहिल्या वाक्यात आणू नका. विचारलं तर खरं सांगा, पण लिहिणारा हात तुमचा होता.

मग केस पेपर. जुनी ओळ खोडायची ती एकाच आडव्या रेघेने, खालचं अक्षर वाचता येईल अशी. शेजारी 'चुकीची नोंद', तारीख, वेळ, सही. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, पान फाडून नवं लावणं तर मुळीच नाही. नवी नोंद जुन्या दोन ओळींच्या फटीत घुसवायची नाही, आज जिथे नोंदी संपल्या आहेत तिथेच लिहायची. तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण मजकूर असा हवा:

"उशिरा केलेली नोंद. आजची तारीख, सकाळी ११.२०. मंगळवारी रात्री ८.१५ ला इन्सुलिन ३०/७०, १०० युनिट प्रति मि.ली. कार्ट्रिज, ४० च्या सिरिंजने १६ च्या रेघेपर्यंत काढून त्वचेखाली दिले. प्रत्यक्ष मात्रा ०.४ मि.ली., ४० युनिट. ऑर्डर १६ युनिट, फोनवरून. रात्री ८.४५ ला रुग्णाने जेवण घेतले. जेवण न घेतल्याची आधीची नोंद चुकीची आहे. डॉक्टरांना आज ११.०० ला प्रत्यक्ष कळवले." खाली सही, पूर्ण नाव, रजिस्ट्रेशन नंबर.

यात 'चुकून', 'घाईत', 'दुर्दैवाने' असे शब्द नाहीत, हे लक्षात घ्या. केस पेपरवर जे घडलं ते आणि किती वाजता घडलं ते. का घडलं, नीडल का नव्हत्या, त्या रात्री किती पेशंटमागे किती सिस्टर होत्या, हे इन्सिडन्ट रिपोर्टमध्ये. छापील फॉर्म नसेल तर कोऱ्या कागदावर दोन प्रती करून एक मेट्रनच्या सहीने परत घ्या. केस पेपरचा मोबाइलवर फोटो मात्र काढू नका. स्वतःच्या बचावासाठी काढलेला असला तरी तो रुग्णाच्या गोपनीयतेचा भंग ठरतो.

सीनियरचा सल्ला व्यवहाराच्या दृष्टीनेही कच्चा आहे. आहाराच्या तक्त्यावर जेवणाची नोंद असणार, ताट मावशींनी उचललेलं असणार, मुलगा शेजारी बसलेला असणार. नातेवाइकांनी कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात आणि आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं जपावे लागतात, असं डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांपर्यंत तक्रार करता येते. तेव्हा समोरचा वकील पहिल्यांदा दोन तक्ते शेजारी ठेवतो. एकात 'जेवले', दुसऱ्यात 'जेवले नाहीत'. तिथून पुढे तुमच्या खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या, त्यांचा दिवा सगळ्यांना पाठ आहे. सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मरत होते, हे त्यांनी सरकारला पटवलं ते मात्र मृत्यूंच्या तक्त्यांवरून. पहिल्या वर्षाला चार्टिंग, म्हणजे नोंदी ठेवणं, शिकवताना हे सांगायला हवं, पण परीक्षेत जन्मतारीखच विचारतात.

आता रजिस्ट्रेशन. महाराष्ट्रात ते १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली राज्य परिषदेकडे असतं. चौकशी होऊन, तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच नाव काढण्याचा निर्णय होऊ शकतो. मात्रेची चूक, ताबडतोब उपचार, स्वतःहून कबुली, रुग्णाला कायमची इजा नाही, अशा प्रकरणात नाव जाण्याची भीती बाळगण्याचं कारण दिसत नाही. खोटी नोंद करून ती तशीच ठेवली तर बचावाला मुद्दा उरत नाही, कारण ती नजरचूक नसते.

फौजदारी बाजूही सांगतो, कारण वॉर्डात याबद्दल अर्धवट बरंच बोललं जातं. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वैद्यकीय सेवेतल्या फौजदारी खटल्यासाठी निष्काळजीपणा घोर असावा लागतो, साधी चूक पुरत नाही. पण भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ नीट वाचून ठेवा. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत. नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना झाला तर दोन वर्षांपर्यंत. ही सवलत वैद्यकीय नोंदवहीतल्या डॉक्टरांपुरती आहे, परिचारिका त्या व्याख्येत येत नाहीत. तुमच्या प्रकरणात मृत्यू नाही, त्यामुळे हे कलम लागत नाही. पण 'डॉक्टरांना जे लागतं तेच आपल्याला' ही समजूत चुकीची आहे.

नुकसानभरपाईचं उत्तरदायित्व मुख्यतः रुग्णालयावर येतं. १९९८ च्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटल प्रकरणात नर्सने शिरेतून दिलेल्या इंजेक्शननंतर एका लहान मुलाचं हृदय बंद पडलं आणि मेंदूला कायमची इजा झाली. सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयाला जबाबदार धरलं. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी वेगळे पाच लाख रुपये भरपाई कायम झाली. त्या नर्सची कुठल्याच परिषदेत नोंदणी नव्हती, हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. तेव्हा तुमच्या रजिस्ट्रेशनच्या नूतनीकरणाची तारीख आधी तपासा. आणि नर्सिंग होमच्या विमा पॉलिसीत परिचारिका धरल्या आहेत का, हे मॅनेजरला विचारा.

सही नसलेल्या फोन ऑर्डरने तुमची चूक झाकली जात नाही. ऑर्डर १६ चीच होती, तुम्हीही १६ च ऐकले. पण ती पद्धत पुढच्या वेळी गोत्यात आणेल. फोनवर ऑर्डर आली की ऐकता ऐकता केस पेपरवरच लिहायची, नंतर आठवून नव्हे. मग ती वाचून दाखवायची: रुग्णाचं पूर्ण नाव, औषध, मात्रा, मार्ग, वेळ. मात्रेचे अंक सुटे बोलायचे, 'सोळा, एक-सहा'. फोनवर 'सिक्स्टीन' आणि 'सिक्स्टी' सारखेच वाटतात, 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' तर त्याहून. 'हायपो' आणि 'हायपर' हे शब्द फोनवर वापरूच नका. एकाचा अर्थ कमी, दुसऱ्याचा जास्त, उपचार थेट उलटे आणि ऐकायला फरक एका अक्षराचा. आकडाच सांगा. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. इंग्रजी 'यू' हे अक्षर घाईत शून्यासारखं उमटतं आणि १० चे १०० होतात. ऑर्डरपुढे 'फोनवरून, वाचून दाखवली', डॉक्टरांचं नाव, वेळ आणि तुमची सही. डॉक्टरांची सही पुढच्या राउंडला, फार तर २४ तासांत. मंगळवारच्या ऑर्डरवर आता सही घेताना आजचीच तारीख-वेळ घालायला सांगा, मागची नको.

इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम क्लोराइड यांची मात्रा देण्याआधी दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्यायची, हे तुम्हाला माहीत असेल. ते करण्याची रीत मात्र बहुतेक ठिकाणी चुकते. भरलेली सिरिंज पुढे धरून 'सोळा आहेत ना?' विचारलं की 'हो' असंच उत्तर येतं. तिच्या हातात ऑर्डर, व्हायल किंवा कार्ट्रिज आणि सिरिंज द्या आणि स्वतः काही न बोलता 'किती आहेत?' एवढंच विचारा. तिला तिन्ही लेबलं वाचावी लागतील. रात्री एकट्याच असाल तर तिन्ही लेबलं स्वतः मोठ्याने वाचा. वॉर्डातल्या मावशींना ते विचित्र वाटेल, वाटू दे.

मेट्रनना एक मागणी लेखी द्या: पेननीडलचा एक डबा नाइटच्या कपाटात कायम असावा, आणि ४० च्या व आणल्याच तर १०० च्या सिरिंज एका ट्रेमध्ये ठेवू नयेत.

आजोबांच्या घरच्यांना सांगण्याचं काम डॉक्टरांचं, तुम्ही शेजारी उभ्या राहा. डॉक्टरांशी बोलणं होण्याआधी मुलाने काही विचारलं तर 'डॉक्टर तुमच्याशी यावर बोलणार आहेत, मी त्यांना बोलावते' एवढं म्हणा. 'काही नाही, जेवले नव्हते' हे वाक्य आता पुन्हा नको. सांगायचं टाळता येणार नाही, याला आणखी एक कारण आहे. मंगळवारी तुम्ही कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने ओढत होतात तेव्हा मुलगा खाटेपाशी बसलेला असणार. घरी नीडल संपतील त्या दिवशी तो तेच करेल, सिस्टरनी तसंच केलं होतं म्हणून. तेव्हा शनिवारी डिस्चार्जच्या वेळी त्यांच्या पिशवीतल्या वस्तू टेबलावर काढून घ्या: पेन, नवी कार्ट्रिज, पेननीडल किमान महिनाभराच्या. लाल टोपणाची एखादी सिरिंज निघाली तर परत घ्या. शुगर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, शुद्ध हरपली तर तोंडातून काहीही न देता दवाखाना, हे मुलाच्याच तोंडून एकदा वदवून घ्या. डॉक्टरांनी ठरवलेला नवा डोस कार्डवर अक्षरात लिहा. आणि त्याच्या बापाचं पेन त्याच्याच हातात देऊन तेवढे युनिट त्याला तुमच्यासमोर लावायला सांगा.